आमची वाटचाल : पांढरा बोर्ड, हिरवा बोर्ड आणि एक अडकलेलं बिल

पीओपीची घमेली उचलता उचलता आम्ही जिप्सम बोर्डाच्या धंद्यात आलो. नाशिकात तेव्हा ड्रायवॉल, म्हणजे विटांऐवजी बोर्डाची भिंत, म्हटलं की माणूस आधी बोटांनी टकटक करून बघायचा आणि 'पोकळ आहे हो' म्हणून तोंड वाकडं करायचा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या केबिनी, अकाउंटवाल्यांची पार्टिशनं, ही सुरुवातीची कामं. मध्ये स्टड म्हणजे पत्र्याचे उभे खांब, पोटात ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर, दोन्ही बाजूंना साडेबारा एमएमचा साधा पांढरा बोर्ड. कोरड्या खोलीला तेवढं पुरतं. बेडरूम-हॉलला ओलीसाठीचा हिरवा बोर्ड सुचवणारा ठेकेदार आपला खिसा बघतोय, खोली नाही.

आमचं पहिलं स्क्रू मशीन अजून चालू आहे. बॉडीला चिकटपट्टी आहे, पण स्क्रू किती आत जावा ते ठरवणारं नोज सेटिंग नव्या मशीनपेक्षा अचूक. नव्या पोराला मी आधी भंगार तुकड्यावर स्क्रू मारायला बसवतो. स्क्रूचं डोकं बोर्डावरच्या कागदाच्या केसभर आत जायला हवं, पण कागद फाटता कामा नये. फाटला की स्क्रू फक्त भोकात बसलेला असतो, बोर्ड धरत नाही. मग तो काढायचा आणि बाजूला दुसरा मारायचा. वर कंपाउंड, म्हणजे सांधे भरायची लापी, थापून लपवायचा नाही. हे सांगायला मला कोणी बोलावलेलं नाही, पण शहरातल्या निम्म्या सीलिंगच्या भेगा इथूनच निघतात असं माझं मत आहे.

2015 च्या कुंभमेळ्याआधी लॉजवाल्यांची घाई चालली होती. एका लॉजचं काम आम्हाला मिळालं. खोल्यांना पांढरा बोर्ड, बाथरूमच्या सीलिंगला हिरवा, आणि शॉवरच्या भिंतीला टाइलच्या मागे सिमेंट बोर्ड, असं कोटेशन. हिरवा बोर्ड वाफेला, ओलीला टिकतो. रोज थेट पाणी पडणाऱ्या जागी तोही लावू नये. त्यात नाशिकची थंडी. डिसेंबरात गीझर लावून दार-खिडकी बंद करून अंघोळी चालतात, एक्झॉस्ट फॅन कोणी लावत नाही, आणि सगळी वाफ सीलिंगला.

दोन मजले झाले आणि एक नवा ठेकेदार आला. त्याचा दर आमच्याहून बराच खाली. वरचे मजले त्याला गेले. त्याने बाथरूमलाही पांढराच ठोकला आणि वरून ऑइल पेंट मारला. बोर्ड म्हणजे बोर्डच, असं मालकाला पटवलं. पावसाळा आणि एक हिवाळा गेल्यावर वरच्या सीलिंगला पोट सुटलं, कोपऱ्यांत काळी बुरशी. मालकाने अडवलं कोणाचं बिल? आमचं. म्हणे सगळं काम एकाच जातीचं.

मी आमच्या आणि त्याच्या, दोन्हीकडच्या बाथरूम सीलिंगचे तळहाताएवढे तुकडे कापून आणले, सुकवले आणि सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवले. मग दोन तास बादलीत बुडवून, वरचं पाणी पुसून पुन्हा वजन. हिरवा जेमतेम तीन-चार ग्रॅमने वाढला. चांगल्या हिरव्या बोर्डाने पाच टक्क्यांच्या आत राहायला हवं, तो राहिला. पांढरा वीस ग्रॅमच्या पुढे गेला आणि कडेला अंगठा दाबला की भुगा. सराफाने स्वतः आकडे कागदावर लिहून दिले. लॉजमालकाने तो कागद घडी करून खिशात घातला आणि चहा मागवला. बिल नाही दिलं.

त्यातच 2 ऑगस्ट 2016 चा गोदेचा पूर. नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि नदीजवळच्या आमच्या गोदामातही पाणी शिरलं. खालच्या थप्प्या गेल्या, हिरव्यासकट. पुढे काय सांगणार? अडकलेलं बिल, भिजलेला माल आणि दारात उधारी मागणारा सेक्शनवाला, म्हणजे स्टडचे पत्रे पुरवणारा. तेव्हा 'तुमचा दर जास्तच होता' म्हणणारे धंदाबंधू मला अजून तोंडपाठ आहेत.

वाचवलं कॉलेज रोडच्या डॉक्टरबाईंनी. दातांचं क्लिनिक वाढवायचं होतं. कोटेशन वाचून त्यांनी एकच विचारलं, "एक्स-रे खोलीला गुलाबी डबल बोर्ड चालेल ना? दुसरे ठेकेदार हो म्हणतात." मी म्हटलं, "बाई, गुलाबी आगीसाठी. जिप्समच्या पोटात मुळातच पाणी बांधलेलं असतं, ते तापून निघेपर्यंत पलीकडची बाजू थंड राहते. गुलाबीत काचेचे धागे असतात, म्हणून तो लवकर कोसळत नाही. किरणांना तो काय अडवणार? शिशाचा पत्रा लावा नाहीतर नऊ इंची विटांची भिंत ठेवा, आणि नकाशा अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमात बसवून घ्या." बाईंनी वीट ठेवली. म्हणजे तेवढं काम मी माझ्याच तोंडाने घालवलं. बाकीच्या कामाचा मोठा अॅडव्हान्स मात्र त्याच संध्याकाळी दिला. त्यात सेक्शनवाल्याचं तोंड बंद झालं आणि पोरांचे पगार झाले.

नंतरची वर्षं बरी गेली. बाईंच्या ओळखीने गंगापूर रोड, इंदिरानगरची कामं लागली.

गेल्या महिन्यात त्याच लॉजमधून फोन आला. आता मुलगा बघतो. वरच्या मजल्यांची बाथरूम सीलिंग बदलायची आहेत, "काका, हिरवाच लावा." मी कोटेशन पाठवलंय. पहिली ओळ जुन्या बिलाची आहे, हिरव्या बोर्डाचा दर दुसऱ्या ओळीपासून.