आधी फ्रिज, मग पातेलं: घरच्या बिअरचा सेट वाढवताना

घरी बिअर करणाऱ्याला सेट वाढवायचा झाला की त्याची नजर आधी मोठ्या चकचकीत स्टीलच्या भांड्याकडे जाते. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. इथे हे सामान सहज मिळतं, आणि १९६३ पासून घरी पिण्यापुरती बिअर करायला परवानाही लागत नाही. फक्त ती विकता येत नाही. (महाराष्ट्रात १९४९ च्या मद्यनिषेध कायद्याखाली परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा आहे, त्यामुळे तिथे कोणी हे करून बघू नये.) माझ्याकडे होती २५ लिटरची प्लॅस्टिकची बादली, झाकणावर एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाण्याची छोटी नळी), माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या, काकवीसारख्या अर्काचा डबा आणि एक किलो साखर. तिथून सुरुवात करून मी तीन टप्पे घेतले: आंबवण्याचं तापमान, मग धान्यापासून वर्ट (माल्ट गरम पाण्यात भिजवून मिळणारा, आंबवण्याआधीचा गोड रस) काढणं, शेवटी केग (बिअर दाबाखाली साठवायचं स्टीलचं पिंप). हाच क्रम बरोबर आहे असं मला आजही ठामपणे वाटतं.

तापमान आधी का, ते सांगतो. खोली १९ अंशांवर असली तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत बादलीतला द्रव २३-२४ अंशांपर्यंत चढतो, कारण साखर खाताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. एल या प्रकारच्या बिअरचं यीस्ट इतकं तापलं की जड अल्कोहोल तयार होतात. चव जळजळीत लागते, कधी पिकलेल्या केळ्याचा, कधी नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा वास येतो. रात्री खोली गार पडली की उलट होतं, थंडीत इडलीचं पीठ बसून राहतं तसं यीस्ट मध्येच बसतं. या दोन्ही गोष्टी कितीही भारी पातेलं आणलं तरी सुधारत नाहीत.

उपाय म्हणजे बादली जुन्या फ्रिजमध्ये ठेवून आंबवणं. तो फ्रिज घेताना बर्फाचा कप्पा नसलेलाच बघावा. बादलीच्या बुडाएवढी पुठ्ठ्याची चकती कापून सोबत न्यावी आणि आत ठेवून बघावी. बाहेरून मोठे दिसणारे फ्रिज आतून कॉम्प्रेसरच्या उंचवट्यामुळे अडतात. माझ्या फ्रिजमध्ये तो उंचवटा १५ सेंटिमीटरचा होता, म्हणून त्याच्या पातळीला १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी बसवली. भरलेली बादली २५ किलोच्या वर जाते, काचेच्या कप्प्यावर ती ठेवू नये. दारातले कप्पे काढावे लागतात. सेन्सरची आणि हीटरची वायर आत घ्यायला बाजूला भोक मात्र पाडू नये, भिंतीतून गॅसच्या नळ्या जात असतात. बारीक वायर दाराच्या रबरी पट्टीखालून बसते.

तापमानाचा कंट्रोलर दोन सॉकेटचा घ्यावा: एकात फ्रिज, दुसऱ्यात ६० वॅटचा नळीसारखा हीटर. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सर्वांत थंड खुणेवर ठेवून द्यायचा. कंट्रोलरवर १८ अंश, दोन्ही बाजूंना ०.५ अंशाचा फरक आणि कॉम्प्रेसरला ५ मिनिटांची विश्रांती. सर्वांत जास्त चूक होते ती सेन्सर हवेत लोंबकळत ठेवण्याची. हवा झटकन गार होते, कंट्रोलर फ्रिज बंद करतो आणि बादलीतला द्रव गरमच राहतो. मग हीटर आणि फ्रिज आळीपाळीने चालू-बंद होत बसतात. सेन्सर बादलीच्या बाहेरून, द्रवाच्या पातळीच्या खाली चिकटवायचा आणि वर जाड स्पंजचा तुकडा टेपने दाबून बसवायचा. मग तो हवेचं नाही, बिअरचं तापमान वाचतो.

या टप्प्यावर मी मुद्दाम तोच डबा आणि तेच यीस्ट वापरलं, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. चार दिवस १८ अंश, मग तीन दिवस २०-२१. शेवटी थोडं गरम ठेवल्यावर यीस्ट स्वतःच तयार केलेलं डायॅसिटिल, म्हणजे तो बटरस्कॉचसारखा वास, परत शोषून घेतं. हायड्रोमीटरचं (द्रवाची घनता मोजणाऱ्या काचेच्या नळीचं) वाचन दोन दिवस सारखं आलं की ३ अंशांवर गार करायचं. गार होताना बादलीतला वायू आकसतो आणि एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं, म्हणून त्याआधी एअरलॉक काढून भोक बुचाने बंद करावं.

दुसरा टप्पा वर्टचा. मी ४० लिटरचं, ३ किलोवॅटचं विजेचं भांडं आणि जाळीच्या कापडाची मोठी पिशवी घेतली. पिशवीत दळलेलं माल्ट, भांड्यात सगळं पाणी. तासाभराने पिशवी वर घेऊन चक्का टांगतात तशी टांगून निथळू द्यायची. ३ किलोवॅट म्हणजे इथल्या १३ अँपिअरच्या सॉकेटची जवळजवळ पूर्ण क्षमता. ते थेट भिंतीत लावायचं. गुंडाळलेली एक्स्टेंशन वायर तापून वितळू शकते.

पाण्याचा हिशेब असा. बादलीत २० लिटर हवं. ४.५ किलो धान्य, पिशवी पिळली तरी, सुमारे ३ लिटर धरून ठेवतं. तासभराच्या उकळीत ३ लिटर उडतं, तळाच्या गाळात २ लिटर जातं आणि गार होताना आकारमान थोडं आकसतं. म्हणून सुरुवात २९ लिटरने. माल्टचं मिश्रण ६६ अंशांवर हवं असेल आणि धान्य १८ अंशांचं असेल तर पाणी ६९ अंशांना तापवून धान्य घालायचं. पंधरा अंशांच्या नळाच्या पाण्याला तिथपर्यंत जायला सुमारे ४० मिनिटं लागतात. धान्य एकदम ओतलं तर गोळे होतात आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. पिठलं करताना जसं हळूहळू घालत ढवळतो तसंच करायचं.

वर्टच्या घनतेचं (पाणी म्हणजे १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा) माझं पहिलं वाचन १.०४८ यायला हवं होतं, आलं १.०४०. दळण जाडं होतं. पिशवीच्या पद्धतीत धान्याचा थर गाळणीचं काम करत नाही, त्यामुळे दळण बारीक चालतं. गिरणीच्या रुळांतलं अंतर १.२ मिलिमीटरवरून ०.९ वर आणलं आणि पुढच्या वेळी १.०४८ मिळालं. हायड्रोमीटर २० अंशांसाठी आखलेला असतो. गरम वर्टमध्ये वाचन कमी दिसतं, तेव्हा नमुना आधी गार करावा.

बारीक दळणाची किंमतही आहे. पीठ पिशवीतून निसटून तळाशी बसतं, एलिमेंटवर करपतं आणि भांड्याचं सुरक्षा-बटण उकळीच्या मध्येच वीज तोडतं. तळाशी केकची स्टीलची जाळी ठेवून पिशवी वर उचललेली ठेवावी, नाहीतर कापडही भाजतं. पिशवी काढल्यावर तळ लाकडी उलथन्याने खरवडून घ्यावा आणि मगच उकळीला लावावं.

आता पाणी, ज्याकडे मी सर्वांत उशिरा बघितलं. आग्नेय इंग्लंडचं पाणी चुनखडीतून येतं. चहाच्या किटलीत पांढरा थर बसतो तो याचाच. मत्स्यालयाच्या चाचणी-किटने अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल मारण्याची क्षमता) २४० मिलिग्रॅम प्रति लिटर आली. एवढ्या क्षारीय पाण्यात फिकट माल्टच्या मिश्रणाचा पीएच ५.८ च्या आसपास राहतो, टरफलातलं टॅनिन सुटतं आणि बिअरला कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा येतो. लक्ष्य ५.२ ते ५.५. सगळी अल्कलिनिटी लॅक्टिक आम्लाने मारायची तर २९ लिटरला दहा मिलीच्या वर लागतं आणि ते चवीला कळतं. म्हणून निम्मं पाणी आरओचं घेतो. अल्कलिनिटी १२० वर येते, मग ८० टक्क्यांचं लॅक्टिक आम्ल ५ मिली पुरतं. कॅल्शियम आणि सल्फेटसाठी ५ ग्रॅम जिप्सम. बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरसाठी प्रसिद्ध इंग्लिश गावाच्या पाण्यात जिप्सम निसर्गतःच भरपूर, म्हणून तिथल्या पेल एलचा (फिकट एल बिअरचा) कडवटपणा इतका कोरडा आणि स्वच्छ लागायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी कॅम्पडेनची अर्धी गोळी चुरून घालायची. ती विसरली की क्लोरीन आणि माल्ट मिळून औषधी पट्टीसारखा वास येतो, आणि तो कधीच जात नाही.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, मी साधेच ठेवले: ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे, उकळीच्या सुरुवातीला ४५ ग्रॅम, शेवटच्या दहा मिनिटांना २५. गार करायला १० मीटर तांब्याच्या नळीची गुंडाळी. ती शेवटच्या पंधरा मिनिटांत उकळत्या वर्टमध्येच सोडली की निर्जंतुक होते. थंडीत वीस-पंचवीस मिनिटांत २० अंश गाठतं, उन्हाळ्यात दुप्पट वेळ. नळीचे क्लिप भांड्याच्या बाहेर येतील अशी तोंडं वाकवून घ्यावीत. जोड भांड्यावर असला आणि ठिबकला तर न उकळलेलं पाणी थेट वर्टमध्ये पडतं.

तिसरा टप्पा १९ लिटरच्या कॉर्नी नावाच्या उभट केगचा, आणि इथे शत्रू आहे ऑक्सिजन. नंतर सुके हॉप्स घातलेली फिकट बिअर हवा लागली की आठवड्यात तपकिरी पडते, वास ओल्या पुठ्ठ्याचा येतो. केग काठोकाठ भांडी निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरच्या पाण्याने (दीड मिली प्रति लिटर) भरायचा आणि तो द्रव कार्बन डायऑक्साइडने बाहेर ढकलायचा. म्हणजे आत फक्त वायू उरतो. मग बादली उंच ठेवून तिच्या नळापासून केगच्या द्रवाच्या तोंडाला नळी, आणि केगच्या वायूच्या तोंडापासून बादलीच्या झाकणातल्या भोकाला दुसरी नळी. बिअर खाली उतरते, केगमधला वायू वर बादलीत जातो, बाहेरची हवा शिरतच नाही. हॉप्स सुटे टाकलेले असतील तर केगच्या तोंडातली झडप हमखास तुंबते; पिशवीतच घालावेत.

झाकणाची मोठी रबरी कडी ३० पीएसआय (दाबाचं एकक) दाब दिल्यावरच नीट बसते. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारून बुडबुडे बघायचे, नाहीतर कार्बन डायऑक्साइडचा अख्खा सिलिंडर रात्रीत रिकामा होतो. तो सिलिंडर उभा बांधून ठेवावा, आणि बंद खोलीत तर अजिबात नको. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो आणि माणूस गुदमरू शकतो.

५ अंशांवर १२ पीएसआय लावून दहा दिवस सोडलं की बिअरमध्ये पुरेसा वायू मुरतो. घाई म्हणून ३० पीएसआयवर केग हलवला की बहुतेकदा वायू जास्त होतो. नळातून नुसता फेस आला तर दाब कमी करू नये, त्याने बिअर हळूहळू बसकी होते. दोष बहुधा आखूड नळीचा असतो. ४.८ मिलिमीटर व्यासाची नळी अडीच-तीन मीटर लांब ठेवली की तिच्या घर्षणात दाब उतरतो आणि बिअर शांतपणे ग्लासात पडते. पहिला अर्धा ग्लास गाळासकट येतो, तो ओतून द्यायचा.