कापूस घरात, गाडी अंगणात: हिवाळ्यात मोटरसायकल उघड्यावर ठेवायची तर

दिवाळी झाली की विदर्भातल्या खेड्यात घराच्या पुढच्या खोलीत कापूस भरला जातो. भाव चढेपर्यंत तो तिथेच पडून असतो आणि एरवी ओसरीत उभी राहणारी मोटरसायकल अंगणात नाहीतर सांदवाडीत जाते. त्यात गाडी चालवणारा पोरगा कामासाठी पुण्याकडे गेला असेल, तर ती दोन-तीन महिने जागची हलतही नाही. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणीतरी ताडपत्री उचलतं. स्पोकवर तांबूस बुरशीसारखा गंज चढलेला असतो, सेल्फचं बटण दाबलं की नुसतं टकटक होतं, सीटच्या खालून फोमचा भुगा पडतो.

याचा दोष थंडीला देतात, पण आपल्याकडची थंडी गाडीला मारत नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढ्या थंडीतही इंजिन ऑइल गोठत नाही, आणि खेड्यात चालणाऱ्या बहुतेक गाड्या हवेवर थंड होणाऱ्या असल्यामुळे रेडिएटरचीही काळजी नसते. बर्फाच्या देशातल्या सल्ल्यांमध्ये सांगतात ते कूलंट, हीटर वगैरे सोडून द्या. इथे गाडी खराब करतात दोघं: दहिवर आणि उंदीर.

दहिवर कसं पडतं ते समजलं की अर्धं काम झालं. रात्री आकाश निरभ्र असलं की टाकी, रिम, हँडल असे धातूचे भाग आपली उष्णता वर आकाशाकडे सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. शेजारच्या हरभऱ्याला, गव्हाला पाणी दिलेलं असतं, अंगणात सडा टाकलेला असतो, म्हणजे हवेत ओल असतेच. ती या गार धातूवर थेंब होऊन बसते. गाडीच्या वर नुसतं छप्पर असलं, बाजू उघड्या असल्या, तरी धातूला थेट आकाश दिसत नाही आणि दहिवर बरंच कमी पडतं.

ताडपत्री गाडीवर अंथरून दोरीने आवळली तर मात्र उलटं होतं. सकाळी सातला अशी ताडपत्री उचलून बघा. बाहेरची बाजू ओली असणारच, पण आतल्या बाजूलाही मोहरीएवढे थेंब लोंबकळत असतात. ताडपत्री जिथे टाकीला टेकली होती तिथे ओला पट्टा असतो, आणि तो टाकीच्या खालच्या जोडापर्यंत ओघळलेला असतो. जमिनीतून वर येणारी ओल आत अडकते, प्लास्टिकला लागून गार होते आणि गाडीवरच टपकते. सूर्य वर आला की आत उबट दमटपणा राहतो, आणि गंजाला तेच लागतं. उघड्यावर पूर्ण मोकळी ठेवलेली गाडी निदान दहा वाजेपर्यंत कोरडी होते, आवळलेली गाडी दिवसभर ओली राहते.

म्हणून ताडपत्री गाडीवर टाकायची नाही, गाडीच्या भोवती एक सांगाडा करून त्यावर टाकायची. आठ फूट लांब, चार फूट रुंद जागेवर चार कोपऱ्यांना बांबू रोवा, जमिनीवर चार फूट उंची राहील असे. दोन्ही टोकांना मधोमध पाच फुटांचा एक-एक बांबू आणि त्यावर आडवा मोभ, म्हणजे छपराच्या कण्याचा बांबू. उताराच्या दोन्ही बाजू धरून १२ बाय ९ फुटांची ताडपत्री यावर पुरते: नऊ फूट लांबीकडे, बारा फूट रुंदीकडे. दोन्ही बाजूंना जमिनीपासून वीतभर जागा मोकळी सोडा, उरलेली किनार दुमडून तिला दगड बांधा म्हणजे वाऱ्याने फडफडणार नाही. गाडी आणि ताडपत्री यांच्यात सगळीकडून वीतभर अंतर राहिलं पाहिजे. उत्तरेकडचं उघडं टोक तुराट्यांच्या (तुरीच्या वाळल्या काड्यांच्या) तट्ट्याने बंद करा, कारण हिवाळी वारा बहुतेक तिकडूनच येतो. पूर्व-दक्षिणेकडचं टोक मोकळं ठेवा, सकाळचं ऊन तिरपं आत येतं आणि रात्रीची ओल काढून नेतं. बाजारात मिळणारं कापडी कव्हर वापरायचं असेल तर ते याच सांगाड्याखाली धुळीसाठी वापरा, तेही सैल.

जागा निवडताना तीन ठिकाणं टाळा. पहिली म्हणजे ढोरांचा कोठा. तिथे छप्पर असतं म्हणून मोह होतो, पण गोमूत्रातून सुटणारा अमोनिया वायरींच्या तांब्याच्या टोकांना हिरवं करतो आणि अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी पूड आणतो. दुसरी, खताच्या पोत्यांची खोली किंवा त्याची भिंत. युरिया आणि पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात आणि शेजारच्या लोखंडाला गंज लावतात. तिसरी, झाडाखालची. आंब्याखाली तर अजिबात नको. जानेवारीत मोहोर आला की तुडतुडे येतात, त्यांचा चिकट स्राव सीटवर, टाकीवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि ती पुसताना रंगही खरवडला जातो.

खाली काळी माती असेल तर मेन स्टँड तिच्यावर टेकवू नका. हिवाळ्यात ती भेगाळते आणि एखादा अवकाळी पाऊस झाला की लोण्यासारखी होते. स्टँडचा पाय रुततो आणि गाडी एका रात्रीत आडवी पडते, क्लच लिव्हर तुटतो, कार्ब्युरेटरमधून पेट्रोल सांडतं. चार-सहा इंच मुरूम घालून चोपा आणि त्यावर दीड फुटाची शहाबादी फरशी ठेवा. गाडी नेहमी मेन स्टँडवर, पुढच्या चाकाखाली लाकडी फळी.

आता गाडी ठेवण्याआधीची तयारी. आदल्या दिवशी सकाळी धुवा, उन्हात वाळवा आणि मग पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा. धुतलेली गाडी तशीच उभी केली तर ब्रेकच्या ड्रममध्ये गेलेलं पाणी आतच राहतं, लायनर ड्रमला चिकटतात आणि महिन्याभराने चाक फिरत नाही. परत आल्यावर गरम असतानाच इंजिन ऑइल काढा. जुन्या ऑइलमध्ये जळलेल्या पेट्रोलची आम्लं आणि पाणी मिसळलेलं असतं. ते तीन महिने बेअरिंगवर बसू देणं म्हणजे गंजाला घरात जागा देणं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण एक लिटरच्या आसपास ऑइल लागतं. नेमकं माप आणि ग्रेड गाडीच्या पुस्तिकेत असते, तीच पाळा.

पेट्रोलचा प्रश्न पूर्वीपेक्षा नाजूक झाला आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाला पेट्रोल तळातूनच जातं. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या मोकळ्या पत्र्यावर रोज रात्री ओल जमते, म्हणून टाकी गळ्याखाली दोन बोटं जागा सोडून भरून ठेवा. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढून घ्या. हे केलं नाही तर वाटीत पेट्रोल वाळून डिंकासारखं होतं आणि पायलट जेटचं, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं छिद्र, जे केसाएवढं असतं, बुजून जातं. मग गाडी चोक ओढल्याशिवाय चालतच नाही. इंजेक्शनच्या, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या नव्या गाडीत हे काम नाही, भरलेली टाकी पुरते.

टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत एक बारीक छिद्र असतं, पाणी खाली वाहून जावं म्हणून. सोयाबीनच्या मळणीची धूळ बसून ते बऱ्याच गाड्यांत बुजलेलं असतं. मग दहिवराचं पाणी तिथे साचतं आणि झाकणाच्या रबराकडून टाकीत झिरपतं. बारीक तार घालून किंवा हवा मारून ते मोकळं करा. दोन मिनिटांचं काम आहे, पण टाकीत गंज येण्याचं एक मोठं कारण याच छिद्रात असतं.

गंज लागू नये म्हणून सगळीकडे ऑइल चोपडायचं नसतं. चेन रॉकेल किंवा डिझेलने ब्रश मारून धुवा, कोरड्या फडक्याने पुसा, मग ९० नंबरचं गिअर ऑइल मागचं चाक हाताने फिरवत आतल्या बाजूने सोडा. चेनकव्हर पूर्ण बंद असेल तर रबरी बूच काढून त्या भोकातून सोडता येतं. स्पोक आणि रिमला ऑइलचं फडकं फिरवा. डिस्क ब्रेकच्या चकतीला आणि टायरला मात्र थेंबही लागता कामा नये.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांकडे सगळ्यांत जास्त लक्ष द्या. त्यावर दहिवर बसून तिळाएवढा जरी गंजाचा खड्डा पडला, तरी गाडी चालू लागल्यावर प्रत्येक खड्ड्याला तो ऑइल सीलवरून (ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यावरून) वर-खाली घासतो आणि सीलचा ओठ कापतो. मग शॉकअपचं ऑइल ब्रेकवर उतरतं. नवीन सील टाकलं तरी खड्डा तोच असल्यामुळे तेही कापलं जातं, शेवटी नळीच बदलावी लागते. आणि हे सगळं टाळायला लागतं काय, तर नळ्या पुसून बोटाने लावलेला ग्रीसचा पातळ थर.

गाडी तीन महिन्यांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर प्लग काढून त्या भोकातून चमचाभर, म्हणजे पाच मिली, स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि चावी बंद ठेवून चार-पाच वेळा हळू किक फिरवा. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला त्याचा थर बसतो. प्लग आधी हाताने आटे धरून बसवा, पाना शेवटी.

बॅटरी काढून घरात ठेवावी. निगेटिव्हची वायर आधी काढायची, लावताना ती शेवटी लावायची. उलटं केलं आणि पाना चेसिसला लागला तर ठिणगी पडते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. चार्जिंग बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या भागाने करा, म्हणजे ४ अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी असेल तर ०.४ अ‍ॅम्पिअरने. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या चार्जरला लावलेली छोटी बॅटरी फुगते.

इथेच एक सवय सोडायला हवी. घरच्या माणसाला सांगितलेलं असतं, ‘दर रविवारी पाच मिनिटं चालू करत जा.’ पाच मिनिटांत सेल्फने ओढलेला चार्जही पुरता भरून निघत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारी वाफ गार सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसते आणि तो आतून कुजतो. चालवायची तर दहा-पंधरा किलोमीटर चालवा, नाहीतर हात लावू नका.

उंदरांसाठी औषधापेक्षा अंतर उपयोगी पडतं. कुटाराचा (भुशाचा) ढीग, पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) गंजी, तुरीची पोती गाडीपासून निदान पंधरा-वीस फूट लांब हवीत. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात कापूस आणि फोम भरून घर करतो, आणि वायरींचं आवरण कुरतडतो. फिल्टरच्या हवेच्या तोंडाला बारीक छिद्रांची लोखंडी जाळी तारेने बांधा. सायलेन्सरचं तोंड फडक्याने बंद करा, नाहीतर कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते. हे फडकं इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कोंबायचं, लाल रंगाचं घ्यायचं आणि त्याचं टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, म्हणजे काढायचं विसरत नाही. डांबराच्या गोळ्यांचा वास उघड्यावर चार दिवसांत उडतो. विष घातलं तर उंदीर मरायला फिल्टरच्याच डब्यात जातो, आणि मेलेला उंदीर खाऊन मांजरही जातं. पिंजरा बरा. आठवड्याला एकदा सीट उचलून बघावं, पण ताडपत्रीची किनार आधी काठीने वर करावी. जिथे उंदीर, तिथे साप येतोच, आणि विंचवाला दगडाखालची उबदार जागा आवडते.

टायरमध्ये नेहमीपेक्षा तीन-चार पौंड हवा जास्त भरा आणि महिन्याने पुन्हा बघा. विमा चालू ठेवा. गाडी उभी असली तरी चोरी आणि आग थांबत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीचा इशारा आला तर टाकीवर आणि मीटरवर बारदाना चौघडी घालून टाका, आणि गारा थांबल्या की लगेच काढा, कारण ओलं पोतं ताडपत्रीपेक्षाही वाईट. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट विदर्भात कुणी विसरलेलं नाही.

परत चालू करताना घाई नको. आधी लाल फडकं काढा, फिल्टरचा डबा उघडून बघा, वायरी हाताने चाचपा. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटं उन्हात धरा. तळाशी वेगळा थर दिसला किंवा वास वॉर्निशसारखा आला तर सगळं उपसून नवीन भरा. चावी बंद ठेवून आठ-दहा किक मारा, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढेल. इंजेक्शनच्या गाडीत चावी लावून पंपाची घूं थांबेपर्यंत थांबा, असं दोन-तीनदा करा आणि मग स्टार्ट करा. प्लगमधून ऑइल सोडलं असेल तर पहिली काही मिनिटं निळसर धूर येईल, तो आपोआप जातो. रेस करू नका.

क्लच दाबूनही पहिल्या गिअरला गाडी झेपावत असेल तर प्लेटी एकमेकींना चिकटल्या आहेत. इंजिन गरम करून बंद करा, गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि गाडी मागे-पुढे हलवा, कट्‌ असा आवाज येऊन त्या सुटतात. मग पहिले दोन-तीन किलोमीटर गावच्या रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक हलके दाबत चालवा. ड्रमवर बसलेला गंज घासला जाईपर्यंत ब्रेक खरखरतो आणि अचानक पकडतो, तेवढा वेळ मागे कुणाला बसवू नका.