परदेशात जोडीदार शोधताना: पाहायचे किती, पारखायचे किती

परदेशात आलं की ओळखीपाळखीचं जाळं मागे राहतं आणि जोडीदार शोधण्याचा सगळा भार अ‍ॅपवर पडतो. तिथे चेहरे ढीगभर दिसतात. पण आपल्या अटी लावल्यावर त्यातले किती उरतात, हा हिशोब आधी करावा. एकमेकींशी संबंध नसलेल्या पाच अटी घातल्या आणि प्रत्येकीत निम्मे लोक बसतात असं धरलं, तर ३२ जणांमागे एक उरतो. सात अटींत १२८ मागे एक. त्यालाही आपण पसंत पडायला हवं, ते वेगळंच!

म्हणून उंची, शिक्षणाची शाखा, नेमकं शहर या अटी खुशाल सैल सोडाव्यात. मुलं हवीत का, पुढे कोणत्या देशात राहायचं, आई-वडिलांची जबाबदारी कशी घ्यायची, डोक्यावर कर्ज किती, यांवर मात्र तडजोड नको. यातलं बरंचसं प्रोफाइलवर लिहिलेलं नसतं, विचारावंच लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यात विचारलं तर कुणाला वावगं वाटत नाही.

गणितातलं एक प्रसिद्ध उत्तर सांगतात: १०० जण एकामागून एक भेटणार असतील आणि एकदा सोडलेल्याकडे परत जाता येणार नसेल, तर पहिले ३७ नुसते पाहा आणि पुढे त्या सगळ्यांपेक्षा सरस जो पहिला भेटेल त्याला होकार द्या. पण हे फक्त ‘सर्वोत्तमच हवा’ या हट्टासाठी आहे, आणि तरीही ते साधतं १०० पैकी सुमारे ३७ वेळाच. ‘मिळेल तितका चांगला’ एवढी अपेक्षा असली, की नुसतं पाहण्याचा टप्पा साधारण १० वर येतो. आम्हाला हेच जास्त शहाणपणाचं वाटतं.

जास्त नुकसान होतं ते एकाच वेळी सात-आठ जणांशी बोलत राहिल्याने. एकाचा विनोद, दुसऱ्याची नोकरी, तिसऱ्याचा समजूतदारपणा जोडून मनात एक माणूस तयार होतो, आणि त्याच्यापुढे समोरचा प्रत्येकजण उणा पडतो. कुणाची बहीण, कुणाची बदली, याचाही गोंधळ उडतो. दोघांशी, फार तर तिघांशी बोलावं. आठवडा-दोन आठवड्यांत व्हिडिओ कॉल, जमलं तर लगेच भेट. महिनोन्महिने नुसतं चॅट केलं तर आपण आपल्याच कल्पनेत गुंतत जातो.

नकार असेल तर दोन ओळींत, त्याच आठवड्यात कळवावा. परदेशात आपल्या लोकांचं वर्तुळ लहान असतं. तीच व्यक्ती पुढच्या कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवर असू शकते.