पेलाभर बंब

आमच्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतात आणि साधारण त्याच सुमाराला माझं कॉफी मशीन खोकायला लागतं. म्हणजे पंपाचा एरवी जो एकसुरी घर्रर्र आवाज असतो तो मधेच अडखळतो, चढतो, परत बसतो, आणि कपात जी धार मधासारखी संथ पडायला हवी ती थेंब थेंब पडते, उपकार केल्यासारखी. पहिल्या वर्षी मला हे दोन्ही एकमेकांशी जोडताच आलं नाही. वाटलं बीन्स फार बारीक दळल्या गेल्या, मग ग्राइंडरचं सेटिंग बदललं, मग कॉफी दोन ग्रॅम कमी घातली, मग चिकमगळूरहून मागवतो त्या रोस्टिंगवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या. खापर सगळ्यांवर फुटलं, फक्त पाणी सुटलं.

मशीन सेकंडहँड आहे. एक मित्र पुणं सोडून परदेशी निघाला त्याच्याकडून घेतलं. इटालियन, उचलायला दणदणीत जड, आणि आत एक पितळी बॉयलर, पेलाभर पाणी मावेल एवढाच. मॅन्युअल हरवलेलं. देताना तो एवढंच म्हणाला, "रोज वापर रे, बाकी याला काही करावं लागत नाही." हा माणूस गाडीचं ऑइलसुद्धा गाडीने रस्त्यात मान टाकल्यावर बदलायचा, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

काही करावं लागत नाही म्हणे. पहिल्यांदा ग्रुप हेडची जाळी काढली ना, म्हणजे पाणी जिथून कॉफीवर पडतं ती गोल जाळी, एकच स्क्रू असतो, तो सोडवायला मला अर्धा तास लागला आणि मग ती जी हातात आली ती जाळी होती हे सांगावं लागलं असतं. मागून पूर्ण काळी. जुन्या कढईच्या बुडाला जसं किटण चढतं तसं, पण कढईचं कोरडं असतं, हे ओशट. नखाने खरवडलं तर नखात बसलं. आणि वास! खवट, जुन्या शेंगदाण्याचा डबा उघडल्यावर येतो तसा. कॉफीत तेल असतं, ताज्या कॉफीवर जो तांबूस फेस येतो त्यातही ते असतं, आणि तेच तेल रोज थोडं थोडं जाळीच्या मागे जाऊन बसतं आणि खवट होतं. म्हणजे मी गेलं वर्षभर साडेनऊशे रुपये किलोच्या बीन्स आणून त्या या खवट तेलातून गाळून पीत होतो आणि वर पाहुण्यांना सांगत होतो, यात चॉकलेटचे नोट्स आहेत बघा.

मग मी शिकलो. रोज रात्री मशीन बंद करायच्या आधी भोकं नसलेली आंधळी वाटी हँडलमध्ये बसवायची, पंप सुरू करून दहा सेकंद थांबायचं, बंद करायचं. पाण्याला पुढे जायला वाट नाही, मग ते आल्या पावली मागे फिरतं आणि व्हॉल्व्हमधून फुस्स करून खालच्या ट्रेमध्ये पडतं, येताना सगळा चोथा घेऊन. आठवड्यातून एकदा हेच चिमूटभर पावडर घालून. त्या पावडरीची छोटीशी डबी भलतीच महाग मिळते, आत बहुतेक सोडियम परकार्बोनेट, म्हणजे कपड्यांचे डाग काढायच्या पावडरीचं सख्खं भावंड. पहिल्या फेरीला ट्रेमध्ये जे पाणी पडलं ते बघून बायको म्हणाली, "हे तू प्यायचास?" भूतकाळ वापरला तिने, त्यातच निकाल लागला होता. (हा प्रकार सगळ्या मशीनना चालत नाही बरं का, तो मागे फिरवणारा व्हॉल्व्ह ज्यात असतो त्यालाच. स्वस्तातल्या बऱ्याच मशीनमध्ये तो नसतो, तिथे नुसती जाळी घासायची.)

दुधाच्या नळीचं तर बोलायलाच नको. ती वाफेची नळी दुधातून काढली की त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसायची आणि एकदा वाफ सोडायची. त्याच क्षणी म्हणजे त्याच क्षणी. मधे दाराची बेल वाजली, कुरिअरवाल्याला ओटीपी सांगून परत आलात, तर दूध नळीवर असं करपून चिकटलेलं असतं की खरवडीसारखं काढावं लागतं, आणि नळीच्या आत जे ओढलं गेलं ते तर दिसतही नाही, चौथ्या दिवशी वासावरून कळतं.

असो. हे सगळं करून मी खूश होतो. बाहेरून चकाचक, जाळी लख्ख, नळी स्वच्छ. आणि तरी पुढच्या मार्चमध्ये मशीन खोकलंच.

तेव्हा मी पेनाएवढा टीडीएस मीटर मागवला, लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा. टँकरचं, म्हणजे बोअरचं पाणी ६४०. धरणाचं पाणी येतं तेव्हा हेच मीटर सव्वाशेच्या आत दाखवतं. आता प्यायला ६४० म्हणजे काही विष नाही, भारतीय मानकात ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पण मशीनला मानक कोण वाचून दाखवणार. बोअरचं पाणी खडकातून मुरत येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं आणि तापवलं की ते कॅल्शियम पाण्यातून बाहेर पडून भांड्याला धरतं. कॉफीचं मशीन पाणी तापवायच्या पलीकडे करतं काय? रोज, नव्वद-पंचाण्णव अंशाला, आणि वाफेसाठी त्याच्याही वर. तेल आणि खार ही दोन वेगळी दुखणी आहेत हे मला तिथे कळलं. तेलाला सोडा लागतो, खाराला आंबट लागतं, आणि मी वर्षभर सोड्यावर सोडा मारत बसलो होतो.

आधी व्हिनेगर वापरून बघितलं. नका करू. मशीन साफ झालं का माहीत नाही, पण तीन दिवस कॉफीला हॉटेलातल्या त्या लाल कांद्याची चव होती. मग वाण्याकडून लिंबूसत्व आणलं, लिटरभर पाण्यात वीस ग्रॅम, टाकीत ओतलं, मशीनमधून थोडं ओढून घेतलं, हीटर बंद ठेवला. गरम असेल तर जास्त चांगलं निघेल असं वाटतं ना? तिथेच फसगत आहे, लिंबूसत्व आणि कॅल्शियम मिळून जे बनतं ते गरम पाण्यात उलट कमी विरघळतं, म्हणजे एक पुट काढून दुसरं चढवल्यासारखं. वीस मिनिटं थांबलो, परत ओढलं. ट्रेमध्ये पांढरट फेसाळ पाणी आलं. वा. परत ओढलं. आणि मग काहीच आलं नाही.

म्हणजे अजिबात नाही. पंप ओरडतोय, पाणी नाही.

सर्व्हिसवाल्याला फोन केला. त्याने फोनवरच निदान केलं, "सर, बोर्ड गेला असेल, साडेसात हजार होतील, बघून सांगतो." न बघताच हे, बघितल्यावर काय सांगेल या भीतीने मी त्याला बोलावलंच नाही. रविवारी दुपारी डायनिंग टेबलवर पेपर पसरले आणि मशीन उघडलं. प्रत्येक स्क्रू काढला की कुठला कुठला ते कळावं म्हणून बायकोने मुलाच्या वाढदिवसाच्या उरलेल्या कागदी द्रोणांची रांग लावून दिली, त्यावर पेनाने नंबर. आई शेजारच्या खुर्चीवर मटार सोलत बसली होती. ती आमच्या मशीनची कॉफी पीत नाही, तिच्या मते ती कॉफी नसून कॉफीचा काढा आहे, पण उघडलेल्या वस्तूत डोकावायला तिला कायम आवडतं.

बॉयलरपासून पुढे जाणारा तो छोटा व्हॉल्व्ह उघडला. आत सुईच्या अग्राएवढं भोक. आणि त्या भोकावर बरोबर तोंड लावून बसलेला एक कपचा. पांढरा, जाड्या पोह्याएवढा, एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने खडबडीत. दोन वर्षं बॉयलरच्या भिंतीला निमूट चिकटून होता, मी आंबट पाणी पाजून सुटा केला आणि तो निघाला फिरायला.

मी चिमट्याने काढून टेबलवर ठेवला. आईने मटार बाजूला सारले, तो उचलला, बोटात धरून चोळला, उजेडाकडे धरला.

"अरे, हा तर बंबातला खार."

आमचं मिरजेचं घर. मागच्या अंगणात न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता, मधून धुराडं, खाली निखारे, कणसांची बुरकुंडं नाहीतर गोवऱ्या. पाणी आडाचं, मचूळ, त्यात तुरीची डाळ सोडा घातल्याशिवाय शिजायची नाही. दर दिवाळीच्या आधी आजी बंब काढायची. बाहेरून चिंच आणि मीठ, ते सगळ्यांना आठवतं, कारण तो लालभडक उजळलेला बंब दिसायचा छान. पण आतलं काम कोणाला आठवत नाही. आई म्हणाली, आजी आदल्या रात्री चिंचेचा कोळ पाण्यात कालवून बंबात भरून ठेवायची, विस्तव न घालता. "गार पाण्यातच ठेवायचं, घाई करायची नाही," हे आईचे शब्द, आणि मी हीटर बंद ठेवायचं ज्ञान दोन रात्री व्हिडिओ बघून मिळवलं होतं. सकाळी बंब उपडा करून पाठीवर लाकडी दांड्याने ठोकायचा, की आतून असेच कपचे पडायचे, सुपभर. "आणि मग तोटी काढून फुंकायची. नाहीतर खार तोटीत अडकतो आणि दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पाणीच येत नाही."

तोटी काढून फुंकायची. एवढंच राहिलं होतं माझं.

मी टूथब्रशचा एक केस कापून भोकातून फिरवला, तोंडाने फुंकर मारली, नवीन रबरी गास्केट बसवायला घेतली तर ती अर्धा मिलीमीटर जाड निघाली, हँडल फिरेचना, म्हणून जुनीच उलटी करून बसवली (अजून तीच आहे, एका बाजूने किंचित गळते, आमचं जमतं). द्रोण क्रमाने रिकामे होत गेले. शेवटी एक स्क्रू उरला, तो अजून देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे. पण मशीन चाललं. साडेसात हजारांचा बोर्ड आतच होता आणि ठणठणीत होता.

त्या संध्याकाळी मी आईला मोबाइलवर जुन्या मशीनचे फोटो दाखवले. मिलानच्या लुइजी बेझेरानं १९०१ मध्ये पेटंट घेतलं आणि पुढे १९०५ पासून पावोनी नावाच्या कारखानदारानं ती मशीनं बनवून विकली, ती आजच्यासारखी आडवी पेटी नव्हती. उभा उंच पितळी-तांब्याचा नळकांडा, वर घुमट, खाली जाळ, अंगाला तोट्या. नऊ बारचा दाब, तो वरचा फेस, ते सगळं गॅजिया नावाच्या इटालियनाच्या दांडीवाल्या मशीनपासूनचं, दुसऱ्या महायुद्धानंतरचं. त्याआधीची एस्प्रेसो म्हणजे वाफेच्या जोरावर ढकललेलं बंबाचं पाणी. आईने फोटो मोठा करून बघितला, घुमटावरच्या गरुडाकडे बोट दाखवून म्हणाली, "हे पाखरू सोडलं तर आपलाच." मग विचारलं, तिकडे आत काय घालत असतील, तिकडे चिंच कुठे मिळणार?

मिरजेचा बंब आम्ही घर विकलं तेव्हा कसबा पेठेत तांबट आळीत नेऊन दिला होता, मोडीत. वजनावर. आता तसलेच बंब लोक लॅकर मारून दिवाणखान्यात कोपऱ्यात उभे करतात, आत छत्र्या ठेवतात. त्याचं मला वाईट वाटतं असं नाही, रोज विस्तव घालायला कोणाला वेळ आहे. पण आतून कोणी ठोकत नसणार, एवढं मात्र मनात आलं.

आता माझी पद्धत ठरली आहे. एक भाग टँकर, चार भाग आरओ, मीटर १६० च्या आसपास येतं. नुसतं आरओ घालायचं नाही, त्यात कॉफी अळणी लागते, मिठाशिवाय केलेल्या आमटीसारखी. बायको याला तीर्थ बनवणं म्हणते, कारण मी खरोखरच पळीने मोजतो. आणि दर दोन महिन्यांनी, टँकर असोत नसोत, एक रविवार लिंबूसत्वाचा. पुट जाड व्हायच्या आत काढलं की कपचे सुटत नाहीत, विरघळूनच जातात, ट्रेमध्ये नुसतं गढूळ पाणी. खरं सांगू का, मी आता त्या रविवारची थोडी वाट बघायला लागलोय. कॉफी तीस सेकंदात होते आणि चार घोटात संपते. धुणं दीड तास चालतं, आणि त्या दीड तासात मला कोणी काही काम सांगत नाही.

त्या रविवारी मशीन भिजत पडलेलं असतं त्यामुळे कॉफी आई करते. पातेल्यात दूध, साखर जरा सढळ, इन्स्टंट कॉफी, उकळी आली की वरून जायफळ किसायचं. मी पितो, मुकाट्याने, दोन कप. परवा ती कप देता देता माझ्या टाकीकडे बघून म्हणाली, "सगळं लिंबूसत्व संपवू नकोस हां, उद्या ढोकळा करायचाय."