छर्रा, पन्हळ आणि ‘जी’ : प्रगतीची नोंद ३

बाकावरच्या उतरत्या पन्हळीतून पोलादी छर्रा सोडायचा आणि तोंडातून आडवा सुटून तो पुढे किती अंतरावर खालच्या कागदावर पडतो ते मोजायचं, असा हा प्रयोग. ‘जी’ म्हणजे गुरुत्वामुळे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा. आधी पन्हळीच्या जागी असलेला ॲल्युमिनियमचा चॅनेल (वरून उघडी पट्टी) काढून टाकला. आता दीड इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून त्याची पन्हळ केली आहे. उतार २५ अंश, खाली हलकं वळण आणि शेवटचे १५ सेंमी अगदी आडवे. पन्हळीच्या तोंडापासून खाली कागदापर्यंत उभी उंची ८० सेंमी, छर्रा सोडायची उंची तोंडाच्या वर २० सेंमी. छर्रा जुन्या बेअरिंगमधला, २५ मिमी व्यासाचा, सुमारे ६४ ग्रॅमचा.

चॅनेल का काढला ते आधी. त्याच्या वरच्या दोन कडांमध्ये १२ मिमी अंतर होतं, त्यामुळे छर्रा तळाला न टेकता दोन्ही कडांवर बसायचा. असा छर्रा तेवढंच अंतर कापायला जास्त फिरतो आणि जास्त ऊर्जा फिरण्यात घालवतो. हिशेबाने तो ६४.९ सेंमीवर पडायला हवा आणि खुणाही तिथेच उमटत होत्या. पन्हळीत छर्रा एकाच बिंदूवर टेकतो, म्हणून साधा नियम लागू पडतो: उंचीतून मिळालेल्या ऊर्जेचे सात भाग केले तर पाच पुढे जाण्यात आणि दोन फिरण्यात. वेग १.६७ मीटर प्रति सेकंद, पडायला ०.४०४ सेकंद, म्हणून अंतर ६७.६ सेंमी. खुणा ६६.५ ते ६७ च्या मध्ये येताहेत. उरलेलं पन्हळीचं घर्षण खातं.

हे फिरणं विसरलं की उत्तर ८० सेंमी येतं आणि तूट हवेच्या माथी मारली जाते. पोलादी छर्‍याला इतक्या कमी वेगात हवा मिलिमीटरभरही मागे ओढत नाही.

आता मुख्य गोष्ट. या मांडणीतून फक्त टेपने अंतरं मोजून ‘जी’ काढता येतो का, हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. येत नाही. अंतराचा वर्ग = २० भागिले ७, गुणिले सोडायची उंची, गुणिले पडायची उंची. या सूत्रात ‘जी’ कुठेच नाही. गुरुत्व पन्हळीत छर्‍याला वेग देतं, आणि तेच गुरुत्व हवेत त्याचा वेळ कापतं; दोन्ही परिणाम नेमके एकमेकांना खोडतात. हीच पन्हळ चंद्रावर मांडली तरी छर्रा ६७.६ सेंमीवरच पडेल, फक्त पडायला जवळपास एक सेकंद घेईल. अंतरावरून ‘जी’ ९.८ आला असं कोणी म्हणत असेल, तर वेग काढताना त्याने ९.८ आधीच आत घातलेला असतो. गॅलिलिओने १६०८ च्या सुमारास घरंगळते गोळे टेबलावरून सोडून अंतरं मोजली ती ‘जी’साठी नव्हे. उंची चौपट केली की अंतर दुप्पट होतं, हे नातं त्यातून दिसतं. आपली पन्हळही तेच दाखवते: ५ सेंमीवरून सोडा, ३३.८ येतात.

‘जी’ हवाच असेल तर वेळ मोजावा लागतो. मोबाईलचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर लावला तर पडण्याच्या ९७ फ्रेम मिळतात. एक फ्रेम चुकली की ‘जी’ दोन टक्क्यांनी हलतो, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी घ्या. नागपूरच्या अक्षांश-उंचीला हिशेबाने ९.७९ येतो.

काठ सोडल्यावर छर्‍याला पुढे कोण ढकलतं? कोणीच नाही. कडेबाहेर त्याच्यावर एकच बल, खाली ०.६३ न्यूटन. पुढचा वेग त्याच्याकडे आधीच आहे, त्याला थांबवणारं काही नाही म्हणून तो टिकतो. गोफणीतला खडा सुटल्यावरही असंच. पाखरं हाकलायला फिरवलेल्या गोफणीची दोरी सुटली की तिचा जोर संपला. खडा सगळ्यात उंच असतो तेव्हाही गुरुत्व शून्य होत नाही. त्या क्षणी फक्त वर जाण्याचा वेग शून्य असतो.

जड छर्रा आणि हलका कंचा (काचेची गोटी) एकाच जागी पडतात का? दोन्ही भरीव आहेत, म्हणून हो, जवळपास. टेबल टेनिसचा चेंडू मात्र पोकळ. त्याचं सगळं वस्तुमान कवचात, फिरण्यात जास्त ऊर्जा जाते. तो हवेविना ६२ सेंमी जाईल, आणि इतक्या हलक्या चेंडूला हवा आणखी मागे ठेवते. हवेचा दोष इथे खरा आहे.

चुकतं कुठे? सगळ्यात जास्त शेवटच्या आडव्या तुकड्यात. १५ सेंमीत टोक ५ मिमी वर उचललं गेलं की छर्रा एक सेंमी पुढे जातो, खाली झुकलं तर तेवढाच मागे. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल नळी लावून बघा. मोबाईलच्या लेव्हलवर विसंबू नका. नवतप्यात टिनाच्या शेडमध्ये पीव्हीसी पोटाशी झुकते, म्हणून पन्हळीखाली दर २० सेंमीला लाकडी ठोकळा द्यावा आणि लेव्हल सकाळीच जुळवावी. जोडावर उंचवटा असला तर छर्रा उडी मारतो. पॉलिश पेपरने घासा, बोट फिरवून कड लागत नाही इतका.

छर्रा बोटाने सोडू नका, ढकलला जातो. फूटपट्टी आडवी अडवून ती सरळ वर उचला. पन्हळीच्या मधोमध नसला तर तो डोलत उतरतो आणि खुणा डावी-उजवीकडे पसरतात.

सारवलेल्या जमिनीवर कार्बन पेपरची खूण उमटत नाही. फरशीचा तुकडा ठेवा, त्यावर पांढरा कागद, वर कार्बन काळी बाजू खाली. फरशीच्या जाडीएवढी उंची वजा करायला विसरू नका. शून्य खूण, म्हणजे जिथून अंतर मोजायचं ती तोंडाच्या बरोबर खालची जागा, ओळंब्याने काढा. ओळंबा तोंडाच्या कडेला धरा, बाकाच्या कडेला नाही.

पुढची नोंद तोंड वर वळवून. हरभर्‍यावरच्या तुषारांची नोझल ४५ अंशांऐवजी २७ च्या आसपास का ठेवतात, ते छर्‍यावर कळणार नाही, कारण त्याला हवा लागत नाही. त्यासाठी पाण्याचीच धार घेतली आहे. पाईपला दाबमापक बसवायचं बाकी आहे.