लाईन यायच्या आधी

आज हरभऱ्याला ओलित. लाईन आठला येणार होती, पण पुतणीला घेऊन सातच्या आधीच वावरात जाऊन बसलो. ती बारावी सायन्सला आहे. डोक्यावरून एक उपग्रह सरकला अन् तिनं विचारलं, "काका, उजेडालेबी पृथ्वी ओढते काय?"

ओढते! 1960 मध्ये हार्वर्डला पाउंड आणि रेब्का या शास्त्रज्ञांनी अवघ्या 22.5 मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरणांवर (तोही एक प्रकारचा उजेडच, फक्त डोळ्यांना न दिसणारा) ते मोजलं. गावच्या पाण्याच्या टाकीहून थोडीच जास्त उंची!

पण मला खरा नाद आहे तो पुढच्या प्रयोगाचा. चीनने 2016 मध्ये मिसियस उपग्रह सोडला. तिबेटमधल्या केंद्रावर प्रकाशकणांच्या जोड्या तयार केल्या. एकाचं मोजमाप दुसऱ्याशी बांधलेलं, अशा जोड्या. एक कण जमिनीवर ठेवला, दुसरा सुमारे 500 किलोमीटर वर पाठवला. एका सिद्धांताचं म्हणणं होतं, की वरचा कण वेगळ्या गुरुत्वाकर्षणातून गेल्यामुळे ही गाठ सैल होईल.

"मंग सुटली?"

नाही सुटली. 2019 मध्ये निकाल छापून आला, साधं क्वांटम गणित, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं गणित, सांगतं तसाच. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम हे दोन सिद्धांत अजून कुणाला एकत्र बसवता आलेले नाहीत, म्हणून हा 'नाही'सुद्धा मला फार मोलाचा वाटतो.

तेवढ्यात लाईन आली. मोटर सुरू करून ती पाटाच्या कडेनं परत आली, पाय चिखलानं भरलेले.

"काका, अजून उंच नेलं तं?"

शास्त्रज्ञांनाही आता तेच करून पाहायचंय.