रंग लावला, ग्रीस नाही

"वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडीची मागची बाजू सरकते," एवढीच गाडीमालकांची तक्रार होती. गाडी जॅग्वार ई-टाईप, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, 4.2 लिटर इंजिनाची. आधीच्या एका गॅरेजातून मागचं सस्पेन्शन पूर्ण 'रीकंडिशन' होऊन आलेलं. शॉकअब्जॉर्बर नवे, स्प्रिंगा नव्या, आणि खाली वाकून टॉर्च मारला तर सगळीकडे तुकतुकीत काळा रंग. एवढं करूनही तक्रार तशीच होती, म्हणून ते आमच्याकडे आले.

गाडीचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून मी उजवं चाक वरून धरलं आणि आत-बाहेर ढकललं. कट्ट असा आवाज आला. सहकाऱ्याला चाक हलवायला सांगितलं आणि मी हाफ-शाफ्टच्या, म्हणजे डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, क्रॉसवर (युनिव्हर्सल जॉइंटवर) बोट ठेवून बसलो. क्रॉसच्या कपात खेळ होता, बोटाला सरळ जाणवत होता. त्या कपाच्या कडेला लालसर पूड साचलेली. कपातल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून घासल्या की अशी पूड बाहेर येते.

दुसऱ्या गाडीत क्रॉसचा खेळ म्हणजे गिअर टाकताना येणारा ठोका. या गाडीत प्रकरण जास्त गंभीर असतं. जॅग्वारचे इंजिनिअर बॉब नाइट यांनी रचलेलं आणि 1961 साली ई-टाईपबरोबर आलेलं हे स्वतंत्र मागचं सस्पेन्शन फार हुशारीनं केलेलं आहे. त्यात वरचा वेगळा आर्म दिलेलाच नाही. चाकाला ताकद पोचवणारा हाफ-शाफ्टच वरच्या आर्मचं काम करतो आणि खाली एक विशबोन, म्हणजे खालचा आर्म, असतो. म्हणजे क्रॉस ढिला झाला की चाकाचा वरचा आधारच ढिला होतो. पाय दाबला की चाक एका कोनात, सोडला की दुसऱ्या कोनात. नव्या स्प्रिंगा आणि शॉकअब्जॉर्बर याला काय करणार?

ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, प्रोपेलर शाफ्ट, रेडियस आर्म सोडवून आख्खं युनिट खाली घेतलं. यात ब्रेकच्या डिस्क चाकाजवळ नसतात, डिफरन्शियलला (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याला) चिकटून असतात. ब्रेकची सगळी उष्णता तिथल्या सीलला लागते, ते कडक होतं आणि तेल डिस्कवर येतं. आमचीही सीलं तशीच झालेली होती. युनिट बाहेर असताना ती बदलली नाहीत तर पुन्हा सगळं उतरवायची पाळी येते.

हब-कॅरिअर, म्हणजे चाकाचं बेअरिंग धरणारा भाग, टेबलावर घेतल्यावर खरं काय झालं होतं ते दिसलं. विशबोनच्या बाहेरच्या टोकाच्या बेअरिंगला ग्रीस देण्यासाठी कॅरिअरवर निपल असतं. ते शोधायला मला रंग खरवडावा लागला. निपलच्या गोळीवर रंगाचे थर बसून ती गोळी बुजून गेली होती. साफ करून ग्रीसगन लावली तरी आत काही जाईना. ज्यानं हा रंग मारला त्यानं त्याआधी तिथे गन लावून पाहिलीच नव्हती. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. नवीन ग्रीस भरणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम, आणि तेच राहून गेलेलं.

आता बाहेरचा फल्क्रम शाफ्ट, म्हणजे विशबोन आणि कॅरिअर यांना जोडणारी बिजागरीची दांडी, काढायचा होता. जुन्या जॅग्वारवर काम करणारा प्रत्येक जण या शाफ्टला वचकून असतो. हा शाफ्ट विशबोनच्या फोर्कमधून आणि कॅरिअरमधून आरपार जातो. आत पाणी शिरलं की गंज फुगतो आणि शाफ्ट, स्पेसर, बेअरिंगच्या आतल्या रिंगा यांचा एकच गठ्ठा होतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी फोर्कच्या कानाखाली नीट आधार देऊन प्रेसवर घेतलं. दाब वाढत गेला, शाफ्ट तसूभर हलला नाही, मात्र फोर्कचा कान किंचित वाकायला लागला. तिथेच थांबलो. घण घेऊन टोक चेपवण्यात अर्थ नव्हता.

शाफ्ट नवा मिळतो. विशबोन आणि ॲल्युमिनियमचं कॅरिअर जपायचे असतात. म्हणून फोर्क आणि कॅरिअर यांच्यामधल्या फटीत हॅक्सॉचं पातं घालून शाफ्ट दोन्ही बाजूंनी कापला. शाफ्ट चांगल्या पोलादाचा, त्यामुळे दुपार त्यातच गेली. विशबोन मोकळा झाल्यावर फोर्कमधले तुकडे प्रेसनं सहज निघाले. मग कॅरिअर हळूहळू सगळीकडून तापवलं. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, तेवढीच आपल्याला जागा. पुन्हा प्रेसवर घेतलं, आणि मोठा तडाखा होऊन उरलेला भाग सुटला.

आतून तपकिरी चिखल निघाला. एक रोलर चिमटीत धरून उजेडात फिरवला. एका बाजूनं तो सपाट झाला होता, कारण तो कित्येक वर्षं फिरलाच नव्हता, फक्त त्याच जागी आपटत राहिला होता. नमद्याची सीलं हाताला लागताच भुगा झाली.

जोडणीत मला सगळ्यात आवडतो तो शिमचा, म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्यांचा, हिशोब. एकाच कॅरिअरमधल्या दोन बेअरिंगांची मागणी उलटी असते. चाकाच्या बेअरिंगला 0.05 ते 0.15 मिमी खेळ लागतो, तर खालच्या फल्क्रमच्या बेअरिंगला खेळ अजिबात नको, उलट ते शून्य ते 0.05 मिमी आवळून बसवायचं. डायल गेज लावून शिम घालत-काढत हे जमेपर्यंत घाई करायची नसते. ब्रेक कॅलिपरच्या बोल्टांना ते सैल होऊ नयेत म्हणून लॉकवायरही पुन्हा ओवली, ती आधी नव्हतीच.

शेवटी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव. गाडी ठरलेल्या उंचीवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्या लावल्या आणि मोजलं. पाऊण अंश निगेटिव्ह, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, हवा, त्यात पाव अंश इकडेतिकडे चालतो. उजवीकडे तो जवळजवळ शून्य आला. हाफ-शाफ्ट आणि डिस्क यांच्यामधून अर्ध्या मिलिमीटरची एक शिम काढली की चाकाचा वरचा भाग सुमारे पाव अंश आत येतो. त्या हिशोबानं शिम काढून दोन्ही बाजू सारख्या केल्या.

मालक गाडी फिरवून आले ते थेट वर्कशॉपात शिरले. "वळणावर मुद्दाम पाय सोडून बघितला. जराही सरकली नाही!" मग मी त्यांना गाडीखाली बोलावलं, प्रत्येक निपल हाताला लावून दाखवलं आणि ग्रीसगन त्यांच्या हातात दिली. नमद्याच्या कडेनं ताजं ग्रीस डोकावेपर्यंत त्यांनी स्वतः दाबलं. "पुढच्या वेळी कुणी रंग मारायचं म्हणालं तर?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "निपलांवर आधी टेप लावायला सांगा."